पेलेटची शेगडी आणि स्लॅबची खोली

मी गाव सोडलं त्या सकाळी आम्हाला रडायला वेळच मिळाला नाही. दारात जीप हॉर्न वाजवत होती आणि मी स्वयंपाकघरात उकिडवा बसून आईला नवी शेगडी शिकवत होतो. भुसा दाबून केलेल्या करंगळीएवढ्या कांड्या, म्हणजे पेलेट, आत भरायच्या, वरून पेटवायच्या. बटण फिरवलं की खालचा छोटा पंखा वारा देतो आणि धूर होत नाही. चुलीच्या धुराने आईची छाती भरायची. आता चूल बंद, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. "बटण आधी बंद करायचं, की कांड्या आधी संपू द्यायच्या?" हे तिचं निरोपाचं वाक्य. "कांड्या आधी," एवढं सांगून मी कतारला आलो.

गावात राहिलेले म्हणतात, तिकडे गेला आणि विसरला. माझ्यासोबत इथे आलेले म्हणतात, विसरता आलं असतं तर झोप तरी लागली असती. मला दोन्ही ऐकून वैताग येतो, कारण दोन्ही थोडं थोडं खरं आहे.

आठ वर्षं झाली. दोहातल्या अल दुहैलला बायको-मुलीसोबत फ्लॅट, पहाटे पाचला कंपनीची बस, रास लफानच्या गॅस प्लांटवर इन्स्ट्रुमेंट टेक्निशियनची नोकरी. वाटेत फुटबॉल वर्ल्ड कपसाठीचं लुसैलचं स्टेडियम दिसायचं. आधी नुसत्या क्रेन, मग सांगाडा, मग पूर्ण. "वर्ल्ड कप झाला की कायमचा येतो," हे मी आईला प्रत्येक फोनवर सांगायचो. मधल्या सुट्ट्या करोनाने खाल्ल्या, उरलेल्या वर्ल्ड कपच्या तयारीने. तीन वर्षं मी गावी गेलो नव्हतो.

त्या श्रावणात शेगडी धूर करू लागली. आपल्याकडे तेव्हा साडेसात वाजलेले, आंघोळीच्या पाण्याची वेळ. बसमधून मी व्हिडिओ कॉल लावला तर पडद्यावर धूर आणि धुरात आईचा खोकला. "पेटतंच नाय रे नीट. आता चूल पेटवते, काय मरत नाय मी."

मी चवताळलो. दिवसभर दुसऱ्यांच्या मशिनचे फॉल्ट शोधणारा माणूस मी, माझ्याच घरची शेगडी मला हरवते म्हणजे काय? मग रोज बसमध्ये ट्रबलशूटिंग सुरू झालं. राख झाड. सुईने भोकं मोकळी कर. वायर हलवून बघ. फोन भिंतीला टेकवून आई सगळं करायची आणि धूर होता तसाच राहायचा. पंखा जुना झाला, असं मी ठरवून टाकलं. "बाबा, जस्ट बाय हर अ न्यू वन," संध्याकाळी घरी मुलगी म्हणाली. तिच्यावर विनाकारण खेकसलो.

आमच्या प्लांटवरचे रत्नागिरीचे इक्बालभाई मुलीच्या लग्नासाठी आठ दिवस गावी निघाले होते. कॉम्प्युटरमध्ये असतो तसला छोटा पंखा मी त्यांच्याजवळ दिला. भल्या माणसाने लग्नाच्या धांदलीतून आमच्या घरी जाऊन तो बसवलाही. मग त्यांचा फोन आला. "पंखा सुसाट चाललाय. पण तू कांड्या बघितल्यास का? हातात घेतली की चुरा होतोय. ओल्या आहेत रे."

काखेत कळसा आणि गावाला वळसा. पूर्वी दुकानदार आठवड्याला एक पिशवी आणून द्यायचा. त्याने धंदा बंद केला, म्हणून यंदा मीच इथून फोन करून पावसाळ्याची सगळी पोती एकदम मागवली होती. ती पडवीत पडून होती. इथे आठ वर्षं एसीत राहिलो, बिस्किटसुद्धा कधी नरम पडलं नाही. कोकणात श्रावणात पडवीला ओल येते हे मला, कोकणातल्या माणसाला, आठवलंच नाही. स्वतःची लाज वाटली.

आमचं घर कौलारू. कोरडी जागा एकच, मागची स्लॅबची खोली. इथल्या पगारातून मी माझ्यासाठी बांधलेली. आई ती आठवड्याला पुसते आणि पुन्हा कुलूप लावते.

"पोती माझ्या खोलीत ठेव," मी म्हणालो.

"तुझ्या खोलीत? आणि तू आलास की?"

वर्ल्ड कप झाला की येतो, हे वाक्य तोंडाशी आलं होतं. पण त्याच आठवड्यात मी कॉन्ट्रॅक्ट तीन वर्षांनी वाढवून सही केली होती आणि तिला सांगितलं नव्हतं. "तू ठेव गं. मला वेळ आहे यायला," मी म्हणालो. आई खोलीची किल्ली आणायला उठली. तिला कळलं असणार.

सुक्या कांड्यांची नवी पोती आली, खोलीत गेली. पुढच्या आठवड्यात बसमधून फोन केला तर शेगडीत पिवळी, सरळ ज्योत होती. धूर नाही, खोकला नाही. मला इतकं हलकं वाटलं की शेजारच्याचे उगाच अरबीत "शुक्रान" म्हणून आभार मानले. मग आईने फोन खोलीत नेला. भिंतीला लागून, खिडकीखाली, दारामागे, सगळीकडे पोती. मधोमध माझी खाट, तिच्यावर धुतलेली चादर.

"दोन पोती बाहेरच राहिली, ओली होतील," ती म्हणाली. "पण खाटेवर नाय ठेवली."

'खाटेवर ठेव' असं मी म्हणायला हवं होतं. लुसैल मागे गेलं, रास लफानचं गेट आलं, सगळे उतरले. मी फोन हातात धरून बसून राहिलो आणि तेवढं मात्र म्हणालो नाही.