टच नसलेला दाखव

आमच्या शेजारचे अब्राहम काका मूळचे अष्टमी गावचे. आडनावही अष्टमकर. राहतात रोह्यात, मधे फक्त कुंडलिका. तरी कुणी गाव विचारलं की नदीपलीकडे बोट दाखवून असा सुस्कारा सोडतात, की वाटावं माणूस फार लांबून आलाय.

काका एसटीत ड्रायव्हर होते. त्यांच्या बेने इस्राएली, म्हणजे ज्यू समाजाची आमच्या आळीत एकेकाळी बरीच घरं होती, ती एकेक करून इस्रायलला गेली. काका मागे राहिले. मूलबाळ नाही, काकी गेल्या. "तुम्ही का नाही गेलात?" असं विचारलं की ते प्रत्येकाला वेगळं उत्तर देतात. मला म्हणाले, "तिकडं आपली एसटी नाय गो." मी हसले, आणि घरी आल्यावर मला वाईट वाटलं.

त्यांची थोरली बहीण रेचल आत्या तिकडे इस्रायलमध्ये, दिमोनाला असते. आई लवकर गेल्यामुळे तिनेच काकांना वाढवलं, न्हाऊमाखू घातलं, धपाटेही घातले. दर रविवारी दोघांचा फोन व्हायचा. पण गेल्या वर्षी आत्याचे कान पार गेले. मग दोघंही एकाच वेळी ओरडायची. काय चाललंय ते अख्ख्या आळीला कळायचं, फक्त त्या दोघांना नाही.

मग आत्याचा मुलगा नथानियल याचा मला मेसेज आला. "आई आता माणसंही विसरायला लागली आहे. मामाचं नाव सारखं घेते. चेहरा दिसला तर ओळखेल असं वाटतं. दारफळणीच्या आधी मामाला टॅब नाहीतर हलका लॅपटॉप घेऊन द्या. कोणता ते तुम्हीच बघा."

आपल्याकडे दोन वस्तूंतली एक निवडायची म्हटलं की ज्याला त्यातलं काही कळत नाही तो आधी बोलतो. आळीने एकमुखाने टॅब ठरवला. हलका, एका बोटाने चालणारा, म्हाताऱ्या माणसाला बरा. मलाही ते पटलं होतं. माझ्याच फोनवर बोला, असंही मी काकांना सुचवून पाहिलं होतं. त्यावर, "बहिणीला काय मुठीत धरून बघू?" म्हणाले.

दारफळणी हा त्यांचा वर्षातला मोठा उपास. आदल्या संध्याकाळी, सूर्य मावळायच्या आत, झालंगेलं सगळं माफ करून घ्यायचं. त्यासाठी फार बोलत बसत नाहीत. थोराने दोन्ही हात पुढे करायचे, धाकट्याने ते आपल्या हातांत घ्यायचे, आणि मग दोघांनीही आपापली बोटं ओठांना लावायची. याला हातबोशी म्हणतात. पुढे आलेले हात कुणी घेतले नाहीत, तर समजायचं की मनात राग अजून आहे.

आणि इथे राग होता. आत्या देश सोडून निघाली तेव्हा काका तिला निरोप द्यायला मुंबईला गेले नव्हते. ड्युटी होती, असं ते सांगतात. एसटीत रजा मिळते एवढं मलाही ठाऊक आहे. त्यानंतर बहीणभावाची गाठ पडलेली नाही.

काका म्हणाले, "पेणला साहिलच्या दुकानात जाव." साहिल हा शिवाचा मुलगा. शिवा म्हणजे काकांच्या गाडीवरचा कंडक्टर. रोह्यात काय दुकानं नाहीत? पण काकांचा विश्वास बसतो तिथेच बसतो. एसटीने निघालो. नागोठण्यापर्यंत काकांचा उजवा पाय माझ्या पिशवीजवळ ब्रेक दाबत होता. गणपती होऊन गेले होते, त्यामुळे पेणचा स्टँड जरा मोकळा होता.

साहिलने काकांना खुर्ची दिली, चहा मागवला, आणि टॅब समोर उभा केला. "काका, डोळे मिटून हाच घ्या. आत्ताच कॉल लावून दाखवतो." मी नथानियलचा नंबर दिला. त्याने आईला घरातल्या मोठ्या कॉम्प्युटरसमोर आणून बसवलं.

रेचल आत्या दिसली. बारीकशी, डोक्याला रुमाल, गळ्याशी घट्ट स्वेटर. तिने बराच वेळ काकांकडे नुसतं पाहिलं. मग ती पुढे वाकली आणि मोठ्याने म्हणाली, "आब्रम?" त्या नावाने त्यांना हाक मारणारं आता दुसरं कुणी उरलेलं नाही.

तिने दोन्ही हात पुढे केले. काकांनीही केले, आणि तिच्या हातांवर ठेवले.

कॉल तुटला.

तिचे हात काचेवर जिथे दिसत होते, नेमकं तिथेच कॉल बंद करायचं लाल बटण. साहिलने पुन्हा लावला. पुन्हा आत्याचे हात पुढे, पुन्हा काकांचे, पुन्हा काळी काच. तिसऱ्यांदा साहिल घाईने म्हणाला, "काका, हात लावू नका. नुसतं बघा." काकांनी आज्ञाधारकपणे हात मागे घेतले आणि मांडीवर ठेवले.

आत्याचे हात तसेच पुढे होते. ती वाट बघत होती. नथानियल तिच्या कानाशी काहीतरी समजावत होता, पण तिला काय ऐकू येणार? हळूहळू तिने हात खाली घेतले. तोंड वळवलं आणि म्हणाली, "नाय घेत. अजून राग हाय त्याला."

काका उठून उभे राहिले. "नाय गो रेचल, नाय," असं दोन-तीनदा म्हणाले, पण कॉम्प्युटरसमोरची खुर्ची रिकामी झाली होती. एवढा उंचापुरा माणूस, पण काउंटरला धरून उभा होता. मला रडूच यायला लागलं, आणि रडू यायला लागलं की मला राग येतो.

साहिल बिचारा मदतच करत होता. "काका, वरच्या कोपऱ्याला हात लावत जा, तिथे बटण नाही."

"हात काय कोपऱ्याला मिळवतात का रे?" मी त्याच्यावर खेकसले. त्याने मुकाट्याने टॅब बाजूला ठेवला आणि एक चकचकीत लॅपटॉप काढला. "मग हा बघा. वजनाला काहीच नाही. आणि याला पण टच आहे."

काकांनी डोळे पुसले. "टच नसलेला दाखव."

"काका, लोक टच मागतात."

"मागंनात. मला नको."

साहिलने कपाटातून एक साधा, पातळ लॅपटॉप आणला. तो चालू होईपर्यंत काका उभेच होते. पडद्यावर कसलं तरी डोंगराचं चित्र आलं. काकांनी दोन्ही तळवे त्या डोंगरावर ठेवले. दाबले. थांबले. डोंगर हलला नाही. मग दहाही बोटं फिरवून पाहिली. तरी काही नाही.

"काका, डाग पडतील," साहिल म्हणाला.

"पडूदे."

लगेच कॉल लावला, पण आत्या खोलीत जाऊन झोपली होती. नथानियल म्हणाला, आता उपासाच्या आदल्या दिवशीच बघू. तिला तेव्हा आठवेल की नाही, सांगता येत नाही. परतीच्या एसटीत काकांनी लॅपटॉप मांडीवर धरला होता. मला त्या आठवड्यात धड झोप लागली नाही. परक्या घरातल्या हातबोशीची एवढी काळजी आपल्याला का, असं मी स्वतःला विचारलंही. पण परकं कुठलं? आमच्या घरांची भिंत एक आहे.

उपासाच्या आदल्या संध्याकाळी काका अंघोळ करून, पांढरा शर्ट घालून बसले होते. मी लॅपटॉप उघडून दिला. आत्या आली. तिने काकांकडे पाहिलं, आणि ओळखलं की नाही ते कळेना. हात मात्र पदराखालीच होते.

खरं तर हात आधी थोराने पुढे करायचे. पण काका थांबले नाहीत. त्यांनी दोन्ही तळवे काचेवर ठेवले आणि तसेच बसून राहिले. हात अवघडले, तरी काढले नाहीत. आत्या त्या तळव्यांकडे बघत राहिली. मग पुढे सरकली. तिचे हात वर आले आणि काकांच्या हातांमागे जाऊन टेकले.

काही तुटलं नाही. दोघांनी आपापली बोटं ओठांना लावली.

"हात गार पडलंत रं तुझं," आत्या ओरडून म्हणाली. "आब्रम, उपासाच्या आधी पेज पी. नायतर उद्या चक्कर येल."

"व्हय," काका म्हणाले. तिला ऐकू येणार नाही म्हणून त्यांनी मानही हलवली. लहान मुलासारखी, दोन-तीनदा.

ऊन उतरत होतं. मी लॅपटॉप मिटला. काका तसेच बसून होते, हात अर्धवट पुढे. थोराकडून घेतलेली हातबोशी पुढच्याला द्यायची असते, आणि त्या घरात पुढचं कुणी नव्हतं. मग ते माझ्याकडे वळले आणि दोन्ही हात पुढे केले. "ये गो."

मी त्यांचे हात हातांत घेतले. मग त्यांनी आपली बोटं ओठांना लावली, मी माझी. हात खरंच गार पडले होते. मी उठले आणि त्यांच्या स्वयंपाकघरात पेज ठेवायला गेले.