खाडीतलं फाटकं जाळं

त्या वर्षी आम्ही खाडीत लावलेलं जाळं सकाळी फाटलेलं मिळायचं आणि आत अर्धवट खाल्लेले काळुंदर मासे अडकलेले असायचे. शेजारचं धाकट्या दिराचं जाळं मात्र धड असे. माझा नवरा आणि तो, दोघे भाऊ नुकतेच वेगळे झाले होते.

"ह्यां त्याचाच काम," नवरा म्हणायचा. मलाही तसंच वाटे. दीर-जाऊ अंधार पडण्याआधीच जाळं काढून न्यायची. कसली एवढी घाई? बाजारात मी जावेच्या पाटीतले मासे निरखून बघायचे, आमचे तर नव्हेत ना म्हणून.

शेवटी एका पहाटे आम्ही दोघं तिवरांच्या आडोशाला बसलो. उजाडताना जाळ्यापाशी पाणी हललं. तीन काळपट डोकी वर आली आणि त्यांतल्या एकाने जाळ्यातला मासा ओढून कचाकच खाल्ला. पाणमांजरं होती.

"उद्या माशात इख घालतंय," नवरा म्हणाला.

"खाडयेत इख घातलंस तर आपली पोरां काय खातली?"

मग त्यांचं जाळं पाणमांजरांपासून कसं वाचतं, हे मी जावेलाच विचारलं. ती म्हणाली, "राती जाळ्यात मासो ऱ्हवलो की ती येतत. म्हणान आमी दिवस आसतानाच काढतंव."

"मगे सांगलंस कित्याक नाय?"

"तुमी आमच्याशी बोललात खंय?"

त्यानंतर आम्हीही दिवसाउजेडी जाळं उचलू लागलो. फाटणं थांबलं, पाणमांजरंही खाडीत राहिली. नवरा मात्र आधीचं फाटलेलं जाळं शिवताना एका चिरेवर बोट ठेवून म्हणाला, "ही सुरयेची आसा."

मी वाकून बघितलं. सुरीने कापलेली की दातांनी फाडलेली, मला काही ठरवता आलं नाही.