वाणात आलेले स्क्रू

अधिक महिन्यात जावयाला पितळेचं वाण द्यायची आमच्याकडे रीत. मागच्या अधिकात सासुरवाडीचे समई देणार होते. मी म्हणालो, समई नको, पितळी स्क्रू द्या. तेव्हा मी कंधारला घराच्या अंगणात सागवानी होडी बांधत होतो, आणि पाण्यात लोखंड गंजतं हे जन्मभर पोरांना शिकवून निवृत्त झालो होतो. थोरल्या मेव्हण्याचं नांदेडात हार्डवेअरचं दुकान. त्यानं अनारशांच्या ताटात पिवळेधमक स्क्रू मांडून दिले. पंगत हसली. मला मात्र ते समईपेक्षा देखणे वाटले.

होडी तळ्यात उतरली, वर्षभर झकास चालली. मग एका सकाळी बायकोला घेऊन निघालो, तर काठापासून थोड्याच अंतरावर तळाची फळी निखळली. पाणी कमरेएवढंच होतं म्हणून निभावलं. बायको ओल्या साडीनं काठावर आली तेव्हा बघ्यांची गर्दी जमली होती. मेव्हण्यानं फोनवर बहिणीला निकाल देऊन टाकला, "स्क्रू अस्सल हायेत. दाजीच्या हाताला वळण न्हाई."

हे वाक्य आमच्या घरात मुक्कामालाच आलं. भिंतीत साधा खिळा ठोकायचा झाला तरी बायको शेजाऱ्याला हाक मारायची. होडीत तर तिनं पुन्हा पाय ठेवला नाही. तिला तळ्यात फिरवायचं म्हणून होडी बांधली, आणि तिचाच माझ्या हातांवरचा विश्वास उडाला.

दुरुस्तीला फळ्या काढल्या तेव्हा स्क्रूची डोकी तुटून हातात आली. आत गंजकं लोखंड, वर पिवळा मुलामा. उरलेल्या कोऱ्या स्क्रूंना चुंबक लावला, तर पटापट चिकटले. बायकोला सांगायला गेलो, तर ती म्हणाली, वाणाला नावं ठेवू नयेत, आपली चूक झाकायला तर मुळीच नाही. मी कोरे स्क्रू डब्यात जपून ठेवले. डूख धरला म्हणा हवं तर. अधिक काही पळून जात नव्हता.

यंदा आला. पंगतीला सगळे साडू होते, मेव्हण्याचे दोन व्यापारी मित्रही होते. मेव्हण्यानं माझे पाय धुतले, समई पुढं ठेवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "दाजी, ही तरी नीट सांभाळा."

मी खिशातून चुंबक काढून समईला लावला. तो घसरला. अस्सल पितळ. पंगतीतल्या माना वळल्या, कारण वाण तपासणारा जावई तिथं कुणी पाहिला नव्हता. मग मी जपलेल्या स्क्रूंचा डबा ताटात उपडा केला आणि वर चुंबक धरला. स्क्रूंचा घोसच्या घोस वर आला. इतकं गार मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

मेव्हण्याचा चेहरा उतरला. गिऱ्हाईक हेच पितळी म्हणून नेतं, असं काहीतरी तो पुटपुटला.

बायको तूप वाढत होती. तिनं भांडं खाली ठेवलं, घोसातला एक स्क्रू ओढून काढला, परत चुंबकाजवळ नेला. तो हातातून निसटून चिकटला.

"दादा," ती म्हणाली, "त्या होडीत मी बसले होते."

मेव्हणा पाय धुतलेलं तसराळं उचलून आत गेला. मी ताटातला अनारसा मोडला. छान जाळी पडली होती.