मनमिळाऊ नसलेल्या माणसाचा बॅनर

लालबागच्या एका गल्लीत माझं फ्लेक्स बॅनर आणि डीटीपीचं दुकान आहे. वाढदिवस, बारसं, कोणाची कुठे निवड झाली म्हणून अभिनंदन, आणि भावपूर्ण श्रद्धांजली. मजकूर गिऱ्हाइकाने आणायचा असतो, पण आणतं कोण? "तुम्हीच टाका ना काहीतरी चांगलं," म्हणून लोक फोटो पाठवतात आणि मोकळे होतात. कॉम्प्युटरवर मजकूर तयारच असतो, नाव बदललं की झालं. आमच्या भागात वारलेला प्रत्येक माणूस प्रेमळ, मनमिळाऊ आणि परोपकारी होता तो माझ्या कृपेने.

बाबांना जाऊन वर्ष झालं तेव्हाही हात सवयीनेच चालला. मागे निळे ढग, कोपऱ्यात समई, मधे फोटो आणि खाली तेच तीन गुण. बॅनर चाळीच्या गेटवर लागला. आई खाली आली, चष्मा पुसून तिने सगळं वाचलं.

"ह्यां कोणाचां?"

"बाबांचं गं."

"मनमिळाऊ? तुझो बापूस?" एवढंच म्हणून ती जिना चढून वर गेली.

तिचं बरोबरच होतं. गिरणी बंद पडल्यावर बाबा दादरला एका इमारतीत लिफ्टमन होते आणि लिफ्टमध्येही कोणाशी बोलत नसत. चाळीत बोलायचे, पण ते भांडायला. मी तेव्हा हसण्यावारी नेलं. मनातून मात्र फार वाईट वाटलं, कारण खोटे शब्द काढून त्या जागी काय टाकायचं ते मला सुचेना. अख्ख्या गल्लीच्या बापांवर लिहिणारा मी माझ्या बापाच्या बाबतीत कोरा. बायको अधूनमधून म्हणायचीच, "तुझं पण त्यांच्यासारखंच, तोंडाला कुलूप." आपण आतून कोरडेच आहोत की काय, अशी धास्ती मला त्या दिवसांत बसली होती.

पुढे दिवाळीनंतर एक बाई दुकानात आल्या. परळला राहणाऱ्या, बँकेत नोकरीला, वयाने माझ्याहून लहान. त्यांना कवितांचं पुस्तक काढायचं होतं. माझ्या लेखी कविता म्हणजे बारशाच्या बॅनरवरच्या चार ओळी, यमक जुळलं की काम संपलं. मी उत्साहाने पहिल्या पानाला वेलबुट्टी लावून दाखवली, वर एक मोरपीस.

"नक्षी नको दादा," त्या म्हणाल्या. "नुसतं राहू दे."

मोबाइलवर टाइप केलेला मजकूर छपाईच्या फॉन्टमध्ये घेतला की जोडाक्षरं फुटतात. त्यामुळे एकेक ओळ बोट ठेवून तपासावी लागते. नाहीतर मी कसला कविता वाचतोय! दुपारी गिऱ्हाईक नसताना ते काम करायचो. यमक कुठेच नव्हतं. भाजीची पिशवी होती, ऑफिसातला डबा होता, बसस्टॉपवर भेटलेली जुनी मैत्रीण होती. हे असलं तर आपल्याकडेही आहे, असं वाटायला लागलं आणि मी जरा सावरून बसलो.

एका कवितेतला बाप काही बोलतच नव्हता. मुलीला शिंक आली की उठून पंखा एक नंबरने कमी करायचा आणि पुन्हा भिंतीकडे तोंड करून झोपायचा. संपली कविता. मी ती तपासली, मग उगाचच पुन्हा तपासली. तिच्यात एकही अक्षर फुटलं नव्हतं.

मला आमची गॅलरी आठवली. माझ्या दहावीच्या वर्षी बाबा कामावरून आले की दाराबाहेर खुर्ची टाकून बसत. कोणी कॅरम मांडला, रेडिओ मोठा केला, की भांडण. मी आत पुस्तकात डोकं घालून लाजेने अर्धा व्हायचो. ते माझ्यासाठी भांडतायत हे मला माहीत होतं, पण त्याला माया म्हणतात हे कोणी सांगितलं नव्हतं. आणि मी? लेकीचा मोबाइल चार्जिंगला लावल्याशिवाय मला झोप येत नाही. तिला वाटतं, मी खोलीत येतो तो लाइट बंद करायच्या घाईने. मी कोरडा नव्हतो तर. आमच्या घरात माया अशीच करतात. फार हलकं वाटलं मला. संध्याकाळी घरी गेल्यावर मी हे बायकोला सांगितलं, न थांबता, आणि ती पोळ्या लाटायची थांबली.

बाबांच्या दुसऱ्या पुण्यस्मरणाला मी ढग काढून टाकले, समईही काढून टाकली. पांढऱ्यावर फोटो आणि खाली एवढंच: 'मुलाच्या दहावीला वर्षभर गॅलरीत खुर्ची टाकून बसले. कोणाला आवाज करू दिला नाही.'

गेटवर गर्दी जमली. बाबांनी ज्यांचा कॅरम उधळला होता ते शेजारचे काका वाचता वाचता हसायला लागले. "बरोब्बर लिहिलंस रे," म्हणाले आणि रुमाल शोधू लागले.

आई सगळ्यांच्या मागून पुढे आली. या वेळी तिने कोणाचां म्हणून विचारलं नाही. फोटोसमोर उभी राहिली आणि बाबांना जेवायला बोलवायची त्याच आवाजात म्हणाली, "उठा आता. पोरगो पास झालो."