वाटीवरचे दोन ठोके

या सदरात येणारे अनुभव मी आजवर वाचत आलो, ते केवळ त्यांतील चुका काढण्यासाठी. बहुतेकांत वेळ दिलेली नसते. वेळ दिली असेल तर ती कोणत्या घड्याळातली, हे नसते. मी एकतीस वर्षे वजनमापे निरीक्षक म्हणून काम केले. काटा खरा असतो किंवा खोटा असतो, तिसरा प्रकार मला ठाऊक नाही. भूत, भानामती, दृष्ट यांपैकी कशावरही माझा विश्वास नव्हता, आजही नाही. तरीही लिहीत आहे, कारण पुढील नोंद माझ्याच हातची आहे आणि ती मला खोडता येत नाही.

आम्ही लातूरला औसा रोडच्या एका वसाहतीत राहतो. घरात मी, माझी पत्नी सुमन, सून मनीषा आणि नात मुक्ता. मुलगा विनोद किनवटकडे आश्रमशाळेत शिक्षक आहे, शनिवारी रात्री येतो, सोमवारी पहाटे जातो. मनीषा एसटीत कंडक्टर आहे. गेल्या हिवाळ्यात मुक्ता एक वर्षाची झाली तेव्हा मनीषाची ड्युटी लातूर–नांदेड होती. सकाळी साडेसहाला गाडी निघायची, दहा-सव्वादहाला नांदेड, तेथून साडेअकराच्या सुमारास परत.

सून नोकरी करते यावर माझा आक्षेप नव्हता. अंगावरचे दूध पिणारे लेकरू सोडून ती दिवसभर रस्त्यावर असते, यावर होता. मी राजीनाम्याचा अर्ज तयार केला, सुवाच्य अक्षरात. फक्त सही राहिली होती.

मनीषाने पदराला हात पुसून तो वाचला. मला ती मामा म्हणते.

"अक्षर लई छान आहे मामा."

"अक्षरासाठी दिलेला नाही."

"मग लेकराचे हाल दाखवा, मी सही करते. पण तोंडी नको. तुम्ही दुकानदाराला तोंडी धरत होता का?"

उत्तर बिनतोड होते. एक महिना ठरला. मी नोंद ठेवायची, महिन्याच्या शेवटच्या रविवारी ती वाचायची, आणि निकाल मी द्यायचा. तो ती मान्य करणार होती. "फक्त वजनात मारू नका," एवढे म्हणून ती भाकरी थापायला गेली. पहाटेचे साडेचार वाजले होते. भाकऱ्या, भाजी, मुक्ताला पाजणे, तिचे कपडे वाळत घालणे, खाकी चढवणे… सगळे सहाच्या आत. हे मी तेव्हा पाहिले, पण नोंदले नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी वही घेऊन बसलो. रडण्याचा रकाना, खाण्याचा रकाना, झोपेचा रकाना. शेवटी एक शेरा.

"तुम्ही लेकरू सांभाळून राहिले का पंचनामा करून राहिले?" सुमन म्हणाली.

"दोन्ही."

"मग पंचनाम्याच्या हातानं जरा तिचं नाक पुसा."

रडण्याचा रकाना मला अनुकूल निघाला नाही. आई गेल्यावर मुक्ता पाच-सात मिनिटे रडे, मग पांगुळगाडा ढकलत घरभर फिरे. शेऱ्याच्या रकान्यात मात्र एक गोष्ट पुन्हा पुन्हा येऊ लागली. 'अकरा बेचाळीस – वाटीवर दोन ठोके. चमचा ठेवला. दाराकडे पाहिले.' दुसऱ्या दिवशी अकरा एकतीस. तिसऱ्या दिवशी बारा वाजून चार मिनिटे.

वर्षाचे मूल भांडी बडवतेच. मुक्ताही दिवसभर बडवे. परंतु हे ठोके वेगळे होते. नेमके दोन, एकामागोमाग. मग चमचा खाली ठेवणे, मान दाराकडे, आणि घटकाभर अगदी शांत बसणे. मी ते विशेष काही मानले नाही. दिसले म्हणून लिहिले.

पहिल्या रविवारी मनीषाने वही चाळली. रडण्याच्या रकान्यावर ती हसली. शेऱ्यावर आली आणि थांबली. उठून तिने खाकीच्या खिशातली छोटी डायरी आणली. कोणत्या स्थानकावरून गाडी किती वाजता हलली, हे ती त्यात लिहून ठेवते. ती तिची स्वतःची सवय.

"मामा, हे नांदेड सोडल्याचे टाइम बघा."

तिचे घड्याळ माझ्या घड्याळापेक्षा दीड मिनिट पुढे होते. तो फरक वजा केला. सहाच्या सहा दिवस जुळत होते. तिसऱ्या दिवशी नांदेडच्या स्टँडवर गर्दी असल्याने गाडी उशिरा निघाली होती. बारा चार.

"डबल बेल," मनीषा हळूच म्हणाली. एक बेल म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला – हे एसटीत बसलेल्या कोणालाही माहीत असते.

"ही तू दिवसातून शंभर वेळा देतेस," मी म्हणालो. "मग पोरगी ही एकच का धरते?"

"ती घराकडची असते, मामा."

हे स्पष्टीकरण नव्हे. मी तसे तिला सांगितले.

मला संशय आला तो सुमनचा. सासू-सुनांचे फोन चालतात, त्या वेळी सुमन नकळत काही हालचाल करत असेल, पोर ती पाहून ठोकत असेल. मी दोन्ही फोन बंद करून कपाटात ठेवले. ठोके पडले, वेळ जुळली. मग भुकेचा संशय धरून खाण्याची वेळ बदलली. चमचा काढून घेतला, तर तिने पांगुळगाड्यावर तळहाताने दोनदा मारले. अखेर सुमनलाच औशाला तिच्या बहिणीकडे दोन दिवस पाठवले.

"लेकराचा मुद्देमाल जप्त करू नका म्हणजे झालं," जाताना ती म्हणाली.

ते दोन दिवस, गुरुवार आणि शुक्रवार, घरात मी आणि मुक्ताच होतो. वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी मी प्रथमच एखाद्या मुलाला एकट्याने आंघोळ घातली. विनोदला कधी घातली नव्हती. वरणभात कालवताना मी तो इतका पातळ केला की निम्मा माझ्याच धोतरावर आला. मुक्ता माझ्याकडे बघत राहिली. न रडता. मनीषा हे सारे करून वर दोनशे ऐंशी किलोमीटर गाडीत उभी राहते, हा हिशेब मी त्या गुरुवारी पहिल्यांदा मांडला.

शुक्रवारी अकरा अडतीसला दोन ठोके पडले. मी लिहिले. मुक्ता चुरमुरे वेचत बसली होती.

बारा वाजून चौतीस मिनिटांनी तिने वाटीवर एक ठोका दिला.

एकच. जोराचा. चमचा तिने ठेवला नाही, मुठीत घट्ट धरून दाराकडे पाहत राहिली. दुसऱ्या ठोक्याची मी वाट पाहिली. तो पडला नाही. इतक्या दिवसांत असे एकदाही झाले नव्हते.

मी लिहिले – 'बारा चौतीस, एक.' लिहिताना अक्षर बिघडले. ती वही आजही माझ्याजवळ आहे, बिघाड दिसतो.

मग मी स्वतःचाच नियम मोडला. कपाट उघडून फोन चालू केला आणि मनीषाला लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. पुन्हा तेच. डेपोत फोन करून विचारणार तरी काय? माझ्या नातीने वाटीवर एकच ठोका दिला, तर गाडी कुठे आहे ते पाहा? मी फोन खाली ठेवला आणि मुक्ताला मांडीवर घेतले. ती चमचा सोडेना. दुसऱ्या हाताने तिने एकेक चुरमुरा उचलून माझ्या तोंडात घालायला सुरुवात केली. मी खात राहिलो. तो अर्ज त्या वेळी मला आठवला. मी मनीषाला नोकरी सोडायला सांगत होतो, आणि तिच्याशी धड चार शब्द मात्र कधी बोललो नव्हतो.

एक वाजून एकोणीस मिनिटांनी मुक्ताने माझ्या गुडघ्यावर चमच्याने दोनदा मारले. चमचा टाकला. आणि मांडीवरच झोपली.

मनीषा त्या दिवशी पावणेपाचच्या सुमारास आली. खाकीच्या बाहीवर डाग होते, ते धुतलेले दिसत होते. मी पाणी दिले. तिने चकित होऊन घेतले. या घरात मी तिला पाणी दिल्याची ती पहिली वेळ.

"बारा चौतीसला काय झाले?" मी विचारले.

तिचा तांब्या ओठापाशीच थांबला. "तुम्हाला कोणी सांगितलं?"

मी वही पुढे केली. तिने ती पाहिली आणि जमिनीवर बसली.

लोह्याच्या अलीकडे एका बाईला गाडीत कळा सुरू झाल्या होत्या. बाळंतपणासाठी माहेरी निघालेली, सोबत फक्त तिची म्हातारी आई. मनीषाने एक बेल देऊन गाडी रस्त्याच्या कडेला घ्यायला लावली. पुरुषांना खाली उतरवून बाभळीखाली उभे केले. ड्रायव्हरने अँब्युलन्सला फोन लावला. तोवर वेळ हाताबाहेर गेली होती.

"ती म्हातारी नुसती थरथर कापत होती. म्हणाली, बाई, मला न्हाई जमत, तूच कर. मी म्हणलं, हाव, करते. खरं तर मला काय येत होतं मामा? पण मुक्ताच्या वेळी नर्स जे म्हणत होती, ते सगळं आठवत गेलं. तेच म्हणत गेले. दम धर, आता जोर कर, आता थांब…"

"आणि?"

"पोरगी झाली. रडलीच नाही आधी. पाठ चोळली, उलटी धरली… मग रडली. अँब्युलन्सवाले आले, त्यांच्या ताब्यात दिली दोघींना. माणसं गाडीत बसवली. डबल बेल दिली." तिने वहीवर बोट ठेवले. "एक एकोणीस. मी पण लिहिलंय."

तिची डायरी मी मागितली नाही. तरी तिने दाखवली. एक एकवीस होते. दीड मिनिट वजा करा.

रविवारी विनोद घरी होता, सुमन परतली होती. महिना पुरा व्हायला अजून एक आठवडा होता. मनीषाने मात्र अर्ज आणून माझ्यापुढे ठेवला आणि पेन उघडून हातात धरले. "नोंद झाली ना मामा? मग निकाल द्या. मला रोज वाट बघायची नाही."

मी तिच्या हातातून पेन घेतले आणि टोपण लावून खिशात ठेवले.

"म्हणजे?" विनोदने विचारले.

"म्हणजे सोमवारपासून पहाटेची भाजी मी चिरणार," मी म्हणालो. सुमन बराच वेळ हसत होती. मी आजही चिरतो. जाड होते असे म्हणतात.

पुढे दोन महिन्यांनी मुक्ता आधार सोडून चालू लागली आणि ठोके बंद झाले. कोणत्या दिवशी बंद झाले तेही लिहिलेले आहे. एका परिचित डॉक्टरांना मी वही दाखवली. ते योगायोग म्हणाले. अठरा दिवसांपैकी अठरा दिवस योगायोग घडला, तर मी दुकानदाराचे काय केले असते, हे त्यांना विचारले. त्यांनी वही मिटून परत दिली. दुपारी मुक्ता आता दाराशी जाऊन बसते, तेव्हा मीही तिच्या शेजारी बसतो. वही नेत नाही.