क्लचमध्ये करडईचं तेल

नातवंडांनो, परवा तिकडून फोटो आला. धाकटीचे हात कोपरापर्यंत काळे, पुढ्यात मोटरसायकलचं इंजिन उघडं. खाली सगळ्यांनी हसून लिहिलं होतं, "ही कुणावर गेली?" मला कुणी विचारलं नाही. म्हणून आता लिहिते.

निजामाच्या राज्यात, महायुद्धाच्या काळात, मुरुमला आमचा तेलाचा घाणा होता. अप्पांकडे, म्हणजे माझ्या वडिलांकडे, एक विलायती मोटरसायकल होती. सोलापूरला मामांकडे राहून मी मॅट्रिक झाले होते आणि तिथंच कॉलेजात नाव घालायचं होतं. अप्पांनी शब्द दिला होता, "गाडी तेवढी चालू होऊ दे, मी स्वतः नेतो तुला."

गाडी बंद पाडली होती काकांनी. इंजिनाचं तेल मिळत नव्हतं, तेव्हा त्यांनी क्लचच्या पेटीत करडईचं तेल ओतलं.

"आपल्या घाण्याचं हाय," काका म्हणायचे. "माणसाला चालतंय, मग गाडीला का न्हाय चालणार?"

करडईचं तेल तापलं की आटून चिकट होतं, हे घरातल्या प्रत्येक कढईला ठाऊक होतं. काकांनी कधी कढई घासली नव्हती.

गाडीसोबतची पुस्तिका इंग्रजीत. अप्पांना उर्दू आणि मोडी यायची. त्यांनी ती माझ्यापुढं ठेवली. माझ्या इंग्रजीची घराला पहिल्यांदाच गरज पडली होती.

परसात गोणपाट अंथरून मी वाचत गेले, उघडत गेले. क्लचच्या चकत्या एकमेकींना घट्ट चिकटल्या होत्या. बोथट सुरीनं त्या सुट्या केल्या, रॉकेलनं धुतल्या. चकतीच्या भोकांत बुचाचे तुकडे बसवलेले असतात. ते पोलादाच्या थोडे वर हवेत, तरच पकड बसते. आमचे जळून, झिजून पोलादाच्या बरोबरीला आले होते. म्हणूनच इंजिन ओरडायचं आणि गाडी जागेवर.

नवे भाग कुठंच मिळेनात. दवाखान्यातून औषधाच्या बाटल्यांची बुचं मागून आणली, कापली, उकळत्या पाण्यात मऊ केली आणि भोकांत दाबून बसवली. मग सगळी एका पातळीत येईपर्यंत चकती सपाट दगडावर घासली.

काका घाण्यावरून येता-जाता थांबायचे. "मडमबाई, आज कालवण बुचांचंच का?"

अव्वा, म्हणजे माझी आई, चुलीपासून म्हणाली, "तुमी तेल ओतलं, ती निस्तरतीय. गप जेवा."

गाडी सुरू झाली. गिअर लोण्यात सुरी जावी तसा पडला. मी ट्रंक भरली.

सकाळी अप्पांनी गाडी काढली आणि काकांना मागं बसवलं. "उमरग्यापर्यंत बघून येतो. लांब जायचं तर भरवसा पायजे." मला ते पटलं. लुगडं बदलून, ट्रंक दाराशी ठेवून मी वाट बघत बसले.

दिवस कलल्यावर आले. अप्पांनी अव्वाच्या हातात नारळ आणि साखरेचा पुडा दिला. मग माझ्याकडं वळून, मनापासून खूष होऊन म्हणाले, "लई झकास चालली बघ. चढाला कुठं घसरली न्हाय. तुझं लग्न जमवून आलो."

"पोरगी क्लच बसवती म्हणलं," काका हसत होते, "तर व्याही म्हणाले, आमच्यात नुसत्या भाकरी थापल्या तरी चालतंय."

"आणि सोलापूर?" मी विचारलं.

"आता ते सासरचे म्हणतील तसं," अप्पा म्हणाले. अव्वानं ट्रंक उचलून आत नेली.

सासरचे काही म्हणाले नाहीत. तुमचे आजोबा सरळ माणूस होते, त्यांच्याविरुद्ध माझी तक्रार नाही. पण अप्पा ते स्थळ बघायला ज्या गाडीवरून गेले, ती मी चालती केली होती, आणि हे मला आजही गिळता येत नाही. अप्पा पुढं कित्येक वर्षं पाहुण्यांना त्या क्लचचं कौतुक सांगायचे. माझ्या देखत.

घाणा मोडला. मोटरसायकल भंगारात गेली. काढलेली जुनी बुचं माझ्याजवळ एका पत्र्याच्या डब्यात आहेत. त्यांच्यावर करडईचं तेल वाळून कडक झालं आहे.