मागच्या सीटवरच्या मेश्राम मॅडम

मेश्राम मॅडम तोंडाला दुपट्टा बांधून शहर बसच्या मागच्या सीटवर बसल्या, की समजावं, पुढे आमच्या केंद्रातलं कुणीतरी एकटं कामावर निघालंय. नागपूरच्या उन्हात सगळ्याच बायका दुपट्टा बांधतात, त्यामुळे त्यांचं सोंग खपून जायचं. बौद्धिक अपंगत्व असलेल्या तरुणांना शाळा संपल्यावर कामाला लावायचं, एकटं राहायला शिकवायचं, हे आमच्या केंद्राचं काम. मी तिथं कागदी पिशव्या करायला शिकवतो. बाकी सगळं मॅडमच्या जिवावर चालायचं.

या तरुणांना 'मुलं' म्हटलेलं मॅडमना खपत नसे. "पोरं नोको म्हणू. पंचविशीचा माणूस हाय, दाढी करते." कुणाच्या डब्याचं झाकण अडकलं आणि मी हात पुढे केला, की मनगट धरत. "भूक त्याले लागली हाय, उघडंल तो. तुले काहून घाई?" पालक त्यांना पाठीमागे दगड म्हणायचे. संध्याकाळी हा दगड खुर्चीत पाय वर घेऊन डोळे मिटून बसलेला मी रोज पाहायचो. "मदत करून नाही थकत गा मी," त्या म्हणायच्या. "पाहत बसून थकते."

कुही गावची सुषमा त्यांनी अशीच उभी केली. नागपुरातच मानेवाड्याला आणखी दोघींबरोबर खोली, आणि सदर भागातल्या एका हॉटेलात चादरींच्या घड्या घालायचं काम. तिच्या आईने नाइलाजाने होकार दिला होता: एकदा जरी काही झालं, तर पोरगी घरी नेणार. मॅडम कित्येक महिने तिच्या मागे बसने गेल्या. मग एक दिवस ठरवून गेल्या नाहीत, आणि नेमकी त्याच दिवशी सुषमा सदरचा थांबा ओलांडून पार शेवटच्या थांब्याला पोचली. तिच्या गळ्यातल्या कार्डावरचा नंबर पाहून कंडक्टरने फोन केला. आम्ही धावत गेलो, तर सुषमाबाई निवांत बसलेल्या.

"सदरले काहून उतरली नाही वं?" मॅडमनी विचारलं.

"रस्ता खोदला होता. स्टॉप दिसलाच नाही."

"मंग कोनाले विचारलं काहून नाही?"

"तुमी होत्या ना मागं," सुषमा म्हणाली. "रोजच राहता. चप्पल वळखू येते तुमची."

दुसऱ्या दिवशी आई येऊन सुषमाला घेऊन गेली.

त्यानंतर मॅडमच्या कुहीच्या खेपा सुरू झाल्या. मीही एकदा सोबत होतो. आई म्हणाली, "मी हावो तवर माह्याजवळ राहील थे." मॅडमनी एवढंच विचारलं, "आन् मंग?" या प्रश्नाने आमच्या केंद्रातल्या एकूण एक आईबापाची झोप उडवलेली आहे. आई पदराने डोळे पुसत राहिली. मग मॅडमच म्हणाल्या, "तिची नाही, माही चूक हाय बाई. मी लपली, पन हटली नाही. एक डाव अजून द्या." आईने तो दिला, पण काही मनापासून नाही. हॉटेलवाल्यांनी जागा ठेवली होती, हे आमचं नशीब.

सुषमा परत कामावर निघाली त्या सकाळी मॅडम थांब्यावर उघड्या तोंडाने उभ्या होत्या. "आज मी नाही. मागं कोनीच नाही. स्टॉप नाही दिसला त?"

"विचारीन."

बस आली. मॅडमचा पाय नकळत पुढे झालाच. त्यांनी थांब्याचा खांब धरला. पायरीवरून सुषमाने वळून पाहिलं आणि म्हणाली, "तुमी घरी जा, मॅडम. लय थकल्या."

मॅडम घरी गेल्या नाहीत. बाकावर बसून राहिल्या, मांडीवर फोन. मीही त्यांच्या शेजारी बसलो. अखेर हॉटेलातून फोन आला. सुषमा पोचली होती, वाटेत दोघांना विचारून.

"बरं," मॅडम म्हणाल्या. फोन पर्समध्ये ठेवला.

"हात दे गा," मग मला म्हणाल्या. "उठवत नाही मले."